कुंडीतला अभिप्राय, कोरडवाहू कपाशी

कृषी केंद्राच्या काउंटरवर शेतकरी पूर्वी रिकामी बाटली ठेवायचा आणि ‘हेच द्या’ म्हणायचा. आता बाटलीच्या जागी मोबाइल पुढे येतो. ‘भाऊ, हे हाय का तुमच्यापाशी? याले साडेचार स्टार हायेत.’ बाभूळगाव असो, आर्णी असो की मारेगाव, फवारणीच्या दिवसांत हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला आहे. आपले उत्तरही ठरलेले असते: ‘ऑनलाइनचं काही खरं नसते.’ शेतकऱ्याला हे उत्तर पटत नाही. तो मान हलवतो आणि घरी जाऊन ऑर्डर टाकतो. हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाने दिलेल्या ताऱ्यांवर त्याचा भरवसा बसतो आणि वीस वर्षे ज्याच्याकडून तो माल नेतो त्याच्या शब्दावर बसत नाही. या अंकात आपल्याला याचाच विचार करायचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. कीटकनाशके ऑनलाइन विकणेच बेकायदा आहे, असे काही दुकानदार अजूनही शेतकऱ्याला सांगतात. ते खरे नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये कीटकनाशक नियमांत दुरुस्ती झाली आणि परवानाधारकाला ई-कॉमर्स कंपनीमार्फत विक्री करायला मुभा मिळाली. विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी त्या कंपनीवर आली. तेव्हा हा बाजार आता राहणार आहे. तो बंद पडेल या आशेवर बसण्यापेक्षा त्याचे अभिप्राय कसे तयार होतात हे समजून घेतलेले बरे. ते समजले तर शेतकऱ्याला कारणासह सांगता येईल.

कपाशीच्या एखाद्या टॉनिकचे पान उघडा आणि तारे बाजूला ठेवून खालचा मजकूर सावकाश वाचा. ‘पॅकिंग मस्त.’ ‘दोन दिवसांत मिळाले.’ ‘वास कमी आहे.’ ‘गॅलरीतल्या गुलाबाला भरपूर कळ्या आल्या.’ लिहिणारे खोटे बोलत नाहीत. त्यांचा गुलाब कुंडीत आहे, त्याला रोज पाणी मिळते, त्याच्यावर बोंडअळी येत नाही आणि त्याचे उत्पन्न कोणी क्विंटलमध्ये मोजत नाही. पण हेच तारे एकत्र होऊन त्यांची जी सरासरी निघते ती कोरडवाहू कपाशीच्या शेतकऱ्यासमोर येते. घाटंजीच्या मुरमाड बरडावर, पावसाने तीन आठवडे ओढ दिलेली असताना या टॉनिकचे काय होईल, याचे उत्तर त्या पानावर कुठेच नसते. तारखाही पाहा. बहुतेक अभिप्राय पार्सल हाती पडल्यापासून आठवडाभरात लिहिलेले असतात. कपाशीचा हिशेब सीतादही होऊन वेचणी घरात आल्यावर होतो. तोवर अभिप्राय मागणारा संदेश कधीच येऊन गेलेला असतो आणि ज्याचे पैसे वाया गेले तो सहसा पुन्हा त्या पानावर जात नाही.

मिक्सर चालतो की नाही हे पहिल्याच दिवशी कळते. बियाणे, औषध, टॉनिक यांचे तसे नाही. माझ्या मते प्रामाणिक ग्राहकांनी दिलेले तारेसुद्धा आपल्या मालाच्या बाबतीत फारसे उपयोगाचे नाहीत. खोट्या ताऱ्यांची गोष्ट तर त्याच्याही पुढची.

खोटे तारे येतात कुठून? सर्वांत साधा मार्ग खोक्यातल्या चिठ्ठीचा: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, कॅशबॅक मिळवा. अशा खरेदीवर ‘व्हेरिफाइड’ असा शिक्काही बसतो, कारण खरेदी झालेलीच असते. त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच की माल विकला गेला. तो शेतात वापरला गेला असा त्याचा अर्थ नाही. दुसरा मार्ग अधिक चलाखीचा आहे. चांगले तारे मिळवलेल्या जुन्या वस्तूच्या पानाला वेगळीच नवी वस्तू जोडायची, म्हणजे जुन्याचे अभिप्राय नव्याला चिकटतात. अमेरिकेत जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीने ॲमेझॉनवर हेच केले. 2023 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्याकडून 6 लाख डॉलर वसूल केले. आपल्याकडे एकाच पानावर 100 मिलीची बाटली, 1 लिटरची बाटली आणि भलत्याच घटकांचे ‘कॉम्बो’ असे तिन्ही दिसले, तर वरचे तारे नेमके कशाचे हे शेतकऱ्याला विचारून पाहा. तो स्वतःच थांबतो.

हे सगळे कोणासाठी चालते, तेही ध्यानात घ्या. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी 2011 मध्ये अमेरिकेतील हॉटेलांचा अभ्यास केला. येल्पवर एक तारा वाढला की हॉटेलचे उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढते, असे त्यांना आढळले. पण ही वाढ स्वतंत्र, फारशा माहीत नसलेल्या हॉटेलांची होती. ज्या साखळी हॉटेलांचे नाव लोकांना आधीच ठाऊक होते, त्यांना ताऱ्यांनी फरक पडला नाही. आपल्या धंद्याला हे तंतोतंत लागू पडते. नोंदणी असलेल्या, वर्षानुवर्षे चाललेल्या औषधाला ताऱ्यांची गरज नसते. ज्याच्या लेबलवर घटक धड लिहिलेले नाहीत असे ‘जादुई’ टॉनिक मात्र ताऱ्यांवरच जगते. फेब्रुवारी 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन बायोस्टिम्युलंट त्याच्या कक्षेत आले, ते याच मोकाट बाजारामुळे. पानावर नोंदणीचा तपशील नसेल तर तारे किती हे पाहण्याचे कारणच उरत नाही.

चोरबीटीचे, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या कपाशी बियाण्याचेही असेच. झरी-जामणी, केळापूरकडच्या मंडळींना वेगळे सांगायला नको. तिला ना बिल, ना लॉट नंबर, ना मान्यता. तिचा सगळा व्यापार ‘अमक्याच्या वावरात पाहून या’ या एका वाक्यावर चालतो. ऑनलाइन येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या जिल्ह्यात बेजबाबदार अभिप्रायावर लाखोंची उलाढाल होत आली आहे.

कायदा अगदीच गप्प बसलेला नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे विक्रेत्याला ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिता येत नाही. तक्रार आल्यावर 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण असे बंधन कंपनीवर आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000:2022 हे मानक आणले. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी आणि नकारात्मक अभिप्राय दडपू नयेत, असे ते सांगते. पण ते ऐच्छिक म्हणून आले, आणि ऐच्छिक मानकाची ताकद किती असते हे आपल्या क्षेत्राला चांगले ठाऊक आहे. शेतकरी हा ग्राहकच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात स्पष्ट केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे सुरतच्या विक्रेत्याविरुद्धची तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात दाखल होऊ शकते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. ही माहिती शेतकऱ्याला आपण द्यावी. ती आपल्यालाही लागू आहे म्हणून दडवू नये.

आता आपल्याकडे वळतो, कारण या अंकाचे वाचक आपण आहोत.

काउंटरवरून जाणारा शब्द हाच या जिल्ह्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार अभिप्राय आहे. कोणते औषध, किती डोस, कशात काय मिसळायचे, हे आजही असंख्य शेतकरी आपल्याच तोंडून ऐकतात. हा शब्द मोकळा आहे का? एका बाटलीवर मार्जिन जास्त, दुसऱ्या कंपनीचे टार्गेट पूर्ण झाले की परदेशाची सहल, तिसऱ्या ठिकाणी खताच्या गाडीबरोबर न खपणारा माल लिंकिंगने गळ्यात. या सगळ्याचा भार आपल्या शिफारशीवर पडतो आणि शेतकऱ्याला तो दिसत नाही. कॅशबॅक घेऊन तारे देणारा आणि स्कीम पाहून बाटली पुढे करणारा यांच्यात मला मूळचा फरक दिसत नाही. असलाच तर तो आपल्या विरुद्ध जातो, कारण तारे देणाऱ्याला शेतकरी ओळखत नाही आणि आपल्याला ओळखतो.

2017 चा पावसाळा हा जिल्हा विसरलेला नाही. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट हवा, बारीक फवारा मारणारे पंप, ना मास्क ना हातमोजे, आणि एकाच टाकीत दोन-तीन औषधे. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फवारणीतून विषबाधा झालेले शेकडो रुग्ण दाखल झाले. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने पंप पाठीवर घेणारे बरेच होते. शासनाने चौकशीला विशेष पथक नेमले. त्या हंगामात कोण किती दोषी होते याचा निवाडा संपादकीयात होत नाही. पण एवढे मला ठामपणे म्हणायचे आहे: मिश्रणांचा सल्ला अनेकांना काउंटरवरून मिळाला होता, त्याची लेखी नोंद जवळपास कुठेच नव्हती, आणि पुढच्या हंगामात असाच सल्ला देणाऱ्याला थांबवू शकेल असा एकही वाईट अभिप्राय कोणत्याही दुकानाच्या दारावर लिहिलेला नव्हता. ऑनलाइन पानावर निदान एक तारा देण्याची सोय असते. आपल्याकडे नाराज शेतकऱ्याला उधारी मिटवून दुसऱ्या दुकानात जाणे एवढाच मार्ग असतो.

अलीकडे आपल्यातले बरेच जण मोबाइलवर व्हिडिओ करतात. वावरात उभे राहून बाटली दाखवायची, बोंडे मोजायची, ‘रिझल्ट पाहा’ म्हणायचे. काहींचे काम खरोखर चांगले आहे. रोग ओळखणे, पंपाचे नोझल, झाडाची अवस्था यांबद्दल त्यांच्यामुळे लोक शिकले. पण जून 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस करणाऱ्यावर बंधन घातले आहे. कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड सांगावा लागतो. दिशाभूल ठरली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकते आणि पुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत. ज्या कंपनीचे आपण वितरक आहोत तिच्या बाटलीचा व्हिडिओ म्हणजे जाहिरात. ‘मी या मालाचा वितरक आहे’ हे वाक्य सुरुवातीलाच म्हणायला काय हरकत आहे? ऐकणारा पळून जात नाही. उलट पुढचे तो अधिक लक्ष देऊन ऐकतो, असा या क्षेत्रातल्या प्रामाणिक मंडळींचा अनुभव आहे.

विश्वासार्ह अभिप्राय कसा असतो, हे शोधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या चाचणीत प्रत्येक औषधाशेजारी एक न फवारलेला प्लॉट असतो. तेच औषध अनेक प्लॉटमध्ये आणि एकापेक्षा अधिक हंगामांत तपासतात, आणि जे चालले नाही तेही आकड्यात येते. आपल्या डेमो प्लॉटमध्ये नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते. कंपनीचा माणूस हिरवेगार शेत दाखवतो, पण न फवारता सोडलेली तासे दाखवत नाही. मग हिरवेपण औषधाचे की पावसाचे, हे कोणी सांगावे?

म्हणून या हंगामासाठी एक ठोस विनंती. आपण जे औषध किंवा टॉनिक सर्वाधिक विकतो, त्यासाठी आपल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला चार तासे तशीच सोडायला सांगा. बाकी मशागत, खत, पाणी सारखे ठेवा. वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोला. बिलावर लॉट नंबर लिहा, डोस लिहा, कशात मिसळायला सांगितले तेही लिहा आणि खाली सही करा. लेबलवर ज्या पिकाची आणि किडीची शिफारस नाही ती तोंडीही करू नका. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर धोक्याची सूचना वाचून दाखवल्याशिवाय बाटली हातात देऊ नका.

डिसेंबरपासून हे मासिक अशा नोंदींसाठी दोन पाने राखून ठेवणार आहे. नोंदीत गाव, जमिनीचा प्रकार, पेरणीची तारीख, पावसाचे खंड, औषधाचे घटक, लॉट नंबर, फवारलेल्या आणि न फवारलेल्या तासांचे वजन एवढे असावे. फरक पडला नसेल तर ती नोंद आधी छापू. मालावर कोणती स्कीम चालू होती आणि आपल्याला किती मार्जिन होते, हा रकानाही नोंदपत्रात आहे. तो रिकामा असेल तर नोंद छापली जाणार नाही.