‘काही नाही, नेहमीचंच’

जून २०२५ मधल्या एका दुपारी केंद्राच्या खोलीत आम्ही तिघी लॅपटॉपसमोर न्यायाधीश होऊन बसलो होतो. पडद्यावर आमची एक जुनी मैत्रीण. नव्वदच्या दशकात परित्यक्तांच्या सर्वेक्षणासाठी ती आमच्याबरोबर गावोगाव फिरली, पुढे लग्न होऊन इंग्लंडला गेली आणि तिथलीच झाली. गेली आठ वर्षं तिला आमवात आहे. बोटं वाकडी झाली आहेत, सकाळी दोन दोन तास मूठ उघडत नाही. तिथल्या अपंगत्व भत्त्यासाठी केलेला तिचा अर्ज नामंजूर झाला होता. त्यावरच्या अपिलाची सुनावणी आठवड्यावर आली होती, तीही व्हिडिओवर. तिला सराव हवा होता, आणि तो मराठीत हवा होता.

आमच्यातली एक डॉक्टर झाली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘काल दिवसभर काय काय केलंत?’’

मैत्रीण म्हणाली, ‘‘काही नाही, नेहमीचंच.’’

आम्ही तिघी हसलो आणि मग गप्प झालो. कारण आपल्या केंद्रावर येणारी प्रत्येक बाई हेच म्हणते. पहाटे पाचला उठून पाणी भरणारीसुद्धा ‘मी काहीच करत नाही, घरीच असते’ असं सांगते, हे आपण शिबिराशिबिरांतून ऐकत आलो आहोत. घरकामाला काम न म्हणण्याची ही सवय आहे. आता दिसलं की तिची दुसरीही एक बाजू आहे. जे काम होत नाही, तेही बाई सांगत नाही. ‘जमतं’ म्हणते आणि पुढे जाते.

ब्रिटनमधल्या (स्कॉटलंड वगळून, तिथे २०२२ पासून वेगळी व्यवस्था आहे) या भत्त्याचं नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, बोलण्यात ‘पिप’. २०१२ च्या कायद्यानं तो आला आणि २०१३ पासून मिळू लागला. आपल्याकडे वैद्यकीय मंडळ शरीर मोजतं आणि चाळीस टक्के, साठ टक्के असा दाखला देतं. पिपमध्ये रोगाच्या नावाला किंवा टक्क्याला गुण नाहीत. बारा कामांची यादी आहे. स्वयंपाक, खाणं, आंघोळ, शौचाला जाणं, कपडे घालणं, बोलणं, वाचणं, पैशाचा हिशेब अशी दैनंदिन जगण्याची दहा, आणि हिंडण्याफिरण्याची दोन. प्रत्येक कामात किती अडचण येते त्यावर गुण ठरतात. एका गटात आठ गुण झाले तर साधा दर, बारा झाले तर वाढीव. २०२५-२६ साली दैनंदिन जगण्याच्या गटाचा साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड होता.

आमच्या मैत्रिणीला सहा गुण मिळाले होते. तपासणीच्या वेळी तिला विचारलं होतं, स्वयंपाक करता का? ती म्हणाली, करते, स्टुलावर बसून करते. स्टुलाचे दोन गुण मिळाले, आणि विषय संपला.

सरावाच्या त्या दुपारी आम्ही तो पुन्हा उघडला. करतेस म्हणजे काय करतेस? कांदा कोण चिरतं? ‘‘हे कामाला जायच्या आधी चिरून ठेवतात.’’ कुकर? ‘‘झाकण लेक लावते, मला जोर येत नाही.’’ कणीक? ‘‘अगं, कणीक मळून चार वर्षं झाली.’’ पातेलं उचलतेस? ‘‘उचलायचे. एकदा वरण पायावर सांडलं, तेव्हापासून नाही.’’ मग तू करतेस काय? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मी फोडणी देते. आणि सांगते, कशात काय घालायचं ते.’’

मैत्रिणींनो, फोडणी दिली की स्वयंपाक आपला, असं आपल्याला वाटतं. स्वयंपाकघर हातचं गेलं असं कबूल करणं बाईला जड जातं, मग ती चळवळीत वाढलेली का असेना. पण त्या कायद्यातल्या स्वयंपाकाची व्याख्या अगदी कोरडी आहे. एका माणसापुरता एक पदार्थ, ताज्या जिनसा सोलून-चिरून, ओट्याच्या उंचीवर शिजवता येतो का? आणि ‘येतो’ म्हणजे सुरक्षितपणे, बऱ्यापैकी, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात. नियमात हे चारही शब्द आहेत, आणि बहुतेक अपिलं त्यांच्यावरच हलतात. एकदा करून दोन दिवस अंथरुणावर पडावं लागत असेल, तर ते ‘येतं’ या सदरात बसत नाही. दुसऱ्याच्या हाताची मदत लागते याला दोन नव्हे, चार गुण आहेत.

दुसरी गोष्ट दिवसांची. अडचण निम्म्याहून अधिक दिवस असावी लागते. आमची मैत्रीण चांगल्या दिवसाबद्दल बोलत होती, कारण वाईट दिवशी ती कुणाशी बोलतच नाही. तिला आम्ही कॅलेंडर आणायला लावलं. आणखी एक खोच अशी की न्यायमंडळ आजची प्रकृती पाहत नाही, मूळ निर्णयाच्या तारखेची पाहतं. तिचा निर्णय नोव्हेंबर २०२४ मधला. जूनच्या उन्हात बोटं थोडी मोकळी झालेली, त्या बोटांवरून नोव्हेंबरचं आठवून सांगायचं. तेव्हाची औषधाची चिठ्ठी, कामावरची रजा, लेकीला पाठवलेले निरोप, असं शोधत शोधत आम्ही तो महिना पुन्हा उभा केला.

अपिलाचा रस्ता थोडक्यात असा. निर्णयानंतर महिन्याभरात त्याच खात्याकडे फेरविचार मागायचा. तोही विरुद्ध गेला तर आणखी महिन्याभरात न्यायमंडळाकडे. ते खात्यापासून स्वतंत्र आहे, फी नाही. समोर तिघं असतात. एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एक अपंगत्वाची जाण असलेली व्यक्ती. सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या अपिलांपैकी सुमारे दोन तृतीयांश अर्जदाराच्या बाजूनं लागत आली आहेत, तरी कितीतरी जणी फेरविचारानंतर थकून सोडून देतात. एप्रिल २०१३ पासून अशा अपिलांसाठी सरकारी खर्चानं वकील मिळणंही बंद झालं. मग सल्ला केंद्रं, लॉ सेंटरं आणि बायांचे गट उरतात, म्हणजे आपल्यासारख्याच. एक सावधगिरी मात्र हवी. थोडाफार भत्ता आधीच मिळत असेल, तर अपिलात तो कमीही होऊ शकतो. हे जाणत्या माणसाला विचारूनच पाऊल टाकावं.

आता पडद्याविषयी. २०२० च्या महामारीत या सुनावण्या फोन-व्हिडिओवर गेल्या आणि पुढेही तो पर्याय राहिला. समोरासमोर हवी, फोनवर हवी की व्हिडिओवर, हे अर्जात सांगता येतं. ज्या बाईला दोन बस बदलून जाणं म्हणजे आठवड्याचं दुखणं, तिला घरबसल्या बोलता येणं हा मोठाच दिलासा आहे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण पडद्यात फक्त चेहरा दिसतो. दारापासून खुर्चीपर्यंत ती कशी आली, हे तिथे कुणी पाहत नाही. मांडीवर आखडलेले हात चौकटीच्या खाली राहतात. म्हणून जे दिसत नाही ते तोंडानं सांगावं लागतं, ‘‘आता कळ आली, मला दोन मिनिटं उभं राहू द्या.’’ विश्रांती मागता येते, आणि मागावीच. आवाज तुटला, प्रश्न नीट ऐकू आला नाही, तर भिडेपोटी ‘हो’ म्हणू नये. कागदांच्या गठ्ठ्याला पानांचे आकडे असतात, त्यात खुणेच्या चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. आणि परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करू नये, तिथे तो गुन्हा आहे.

दुभाषाही मोफत मिळतो, मात्र आधी मागावा लागतो. मैत्रीण म्हणत होती, कशाला, मला येतं की इंग्रजी. तिला आम्ही विचारलं, ‘ठणका’ला काय म्हणशील? ‘कळ’ आणि ‘मुंग्या’ यांत काय फरक सांगशील? दुकानातलं इंग्रजी दुखण्याला पुरत नाही. घरच्या माणसाला अधिकृत दुभाषा होता येत नाही, हा नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटला. शौचाला जाताना काय होतं, हे आईनं लेकीच्या तोंडून का सांगावं? आणि नवऱ्याच्या तोंडून?

इथेच आमचा खरा वाद झाला. मैत्रीण स्वयंपाकघरात बसून बोलणार होती. बाहेर सासूबाई, भिंत पातळ. आंघोळीच्या टबात उतरायला कुणाचा तरी हात लागतो, हे तिनं त्या घरात मोठ्यानं कधीच म्हटलं नव्हतं. ही तर समजूतदार घराची गोष्ट. जिचा नवरा कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून डोळे वटारतो, तिचं काय? न्यायालय घरात आलं खरं, पण घर कुणाचं? २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात विवाहविषयक खटल्यांतल्या व्हिडिओ सुनावणीवर हाच प्रश्न निराळ्या अंगानं आला होता. मार्चमध्ये एका पीठानं व्हिडिओचा मार्ग मोकळा केला. ऑक्टोबरमध्ये तिघांच्या पीठानं बहुमतानं म्हटलं की समेटाचे प्रयत्न फसल्यावर, दोन्ही पक्षांची संमती असेल तरच. न्या. चंद्रचूडांनी त्याला असहमती नोंदवली होती. आमच्यातही दोन तट पडले. एवढ्यावर मात्र एकमत झालं की पडदा हवा की नको हे बाईनं ठरवावं, आणि तिला विचारताना घरचं कुणी जवळ नसावं. मैत्रिणीनं शेवटी एका शेजारणीची वरची खोली मागितली.

पिपची एक गोष्ट आम्हाला हेवा वाटावा अशी आहे. नवऱ्याची मिळकत त्यात विचारत नाहीत. आपल्या संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि कुटुंबात मिळकत आहे म्हणजे ती बाईच्या हातात आहे, असं धरलं जातं. अर्थात तिथलंही सगळं गोड नाही. लग्नाच्या व्हिसावर गेलेल्या बाईला कायम वास्तव्याचा हक्क मिळेपर्यंत हा भत्ता मागताच येत नाही, तिच्या व्हिसावर ‘सरकारी निधीस पात्र नाही’ ही अट असते. या अटीविरुद्ध साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ पासूनची संघटना वर्षानुवर्षं लढते आहे. खुद्द पिपचे निकष कडक करण्याचा सरकारचा प्रस्तावही जुलै २०२५ मध्ये स्वपक्षाच्याच खासदारांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला.

सुनावणी पाऊण तास चालली. डॉक्टरनं विचारलं, नोव्हेंबरातला एखादा साधा दिवस सांगा. मैत्रीण म्हणते, ‘काही नाही’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळून तिनं कुकरच्या झाकणापासून सुरुवात केली. निकाल टपालानं आला. स्वयंपाकाचे चार, आंघोळीचे तीन, कपड्यांचे दोन, एकूण नऊ.

आपल्या इथे २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाच्या दाखल्याविरुद्ध अपिलाची तरतूद कलम ५९ मध्ये आहे. ते वापरलेल्या, किंवा कुठलीही सुनावणी व्हिडिओवर दिलेल्या बायांचे अनुभव तुमच्या गटाकडे असतील, तर आम्हाला कळवा. सोबत आठवडाभराची दिनवही असेल तर उत्तम. लिहिता न येणाऱ्या बाईनं ती सांगावी आणि दुसरीनं तिच्याच शब्दांत उतरवावी. नाव द्यायची गरज नाही.