आजीचा बटवा : मातीला हात लावावा की नाही?



मागच्या अंकात आम्ही गुडघेदुखीवर लिहिले होते. ह्या वेळी मातीवर लिहिणार आहोत. नर्सबाईचा आणि मातीचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि फार जुना आहे. तोच आधी सांगतो.

आम्हाला सहावे वर्ष लागले होते तेव्हा अलिबागजवळच्या आमच्या गावी आईला मुलगा झाला. दाईने नाळ कापली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे वर राख व शेण लावले. तिचा हेतू वाईट नव्हता, तिच्या आईनेही तेच केले असेल. सहाव्या दिवशी बाळाने दूध ओढणे सोडले, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखे ताठ झाले. आठव्या दिवशी मिला व्हायची होती, पाहुणे येऊन बसले होते. त्याच दिवशी बाळ गेले. मलिद्यासाठी आणलेले पोहे डब्यात तसेच राहिले.

तो धनुर्वात होता हे आम्हाला मुंबईला नर्सिंग शिकताना कळले. त्याच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तेव्हापासून माती म्हटली की आम्ही साबण शोधायला लागतो. इस्राएलमध्ये तीस वर्षे नोकरी केली, तिथेही तेच. (गरोदर बायांना धनुर्वाताची लस, सुरक्षित बाळंतपण आणि स्वच्छ नाळ, ह्यामुळे 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. ती बातमी आम्ही दोनदा वाचली.)

आता आम्ही लेकीकडे सिंगापूरला, जुरोंग ईस्टमध्ये असतो. नवव्या मजल्यावर घर, खाली ब्लॉकच्या रहिवाशांची सामायिक बाग. शेजारच्या चिनी आजीबाईंनी तिथला एक कोपरा आम्हाला दिला. आम्ही हौसेने कडीपत्ता लावला. पाने पिवळी पडून तो मेला. दुसरा लावला, तोही मेला. इथे तर वर्षभर पाऊस पडतो, उन्हाचीही कमी नाही, मग बिघडले कुठे? जावयाने कुदळ आणून खणले. वीतभर माती आणि त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे खडे, आणि थापून दगड झालेला पिवळा मुरूम. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले, ते संध्याकाळपर्यंत तसेच उभे होते.

ह्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुरोंग म्हणजे पूर्वी दलदल, खाडी आणि टेकड्या. 1961 पासून इथे कारखान्यांची वसाहत उभी राहू लागली, तेव्हा टेकड्या कापून दलदल बुजवली गेली. पुढे नदीला बांध घालून जुरोंग तलाव केला. म्हणजे आमच्या पायाखालची माती ही टेकडीच्या पोटातली, वरचे सुपीक कातडे सोलून काढलेली. त्यात इमारती बांधताना यंत्रे फिरली आणि ती दाबली गेली. दाबलेल्या मातीत हवा राहत नाही. मुळांनाही श्वास लागतो, हे आपण विसरतो. सिमेंटमधला चुना माती अल्कधर्मी करतो, मग लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. पंडुरोग झालेला पेशंटच म्हणा ना.

आपल्या कोकणातही जांभा दगड, लाल मातीच की. तीसुद्धा पावसाने धुपून कसहीन होते. पण आपले वाडवडील शनवार तेली, घाण्याची पेंड माडाच्या बुंध्याशी जायची, पाचोळा जायचा, गुरांचे शेण जायचे. मातीतून घेतलेले मातीला परत मिळायचे. शहरात पाचोळा रोज झाडून पिशवीत भरतात, आणि माती उपाशी राहते.

आमच्या घरापासून चालत जाण्यासारखे जुरोंग लेक गार्डन्स आहे. तलावाकाठचा त्याचा मोठा भाग, लेकसाइड गार्डन, 2019 मध्ये उघडला. जुनी चिनी बाग आणि जपानी बाग नव्याने करून 2024 मध्ये उघडल्या. तिथे दलदलीतले जंगल पुन्हा लावले आहे, लाकडी वाटेवरून त्यातून फिरता येते. नशीब असले तर पाणमांजरे दिसतात. एकदा नातू म्हणाला, "आजी, इथे झाडूवाले नाहीत का? किती पानं पडलीत!" आम्ही काठीने पाने बाजूला केली. वरची कोरडी, खालची ओली, त्याखालची काळी आणि अर्धी कुजलेली, आणि सगळ्यात खाली मऊ माती. वास आला, पहिल्या पावसाचा. नातवाने नाक मुरडले आणि हात पाठीमागे लपवले. "डर्टी," म्हणाला. सात वर्षांचा मुलगा. हे त्याला कोणी शिकवले? आम्हीच की.

त्या वासाची गंमत सांगतो. तो वास मातीतल्या एका जातीच्या सूक्ष्म जंतूंचा असतो, स्ट्रेप्टोमायसिस त्यांचे नाव. 1943 साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ ह्या तरुण विद्यार्थ्याने ह्याच जातीतून स्ट्रेप्टोमायसिन शोधले. क्षयावर गुण देणारे ते पहिले प्रतिजैविक. दोघेही आपले यहुदी, आणि दोघेही मूळचे मातीचे अभ्यासक, डॉक्टर नव्हेत. 1952 चे नोबेल एकट्या वॅक्समनना मिळाले. श्रेयासाठी शॅट्झना त्याआधीच कोर्टात जावे लागले होते, आणि आमच्या मते त्यांचे काही चुकले नाही. रात्र रात्र काम त्या पोराने केले होते.

आम्ही मुंबईला क्षयाच्या वॉर्डात ही इंजेक्शने रोज देत होतो. सुई टोचायच्या आधी विचारायचे, "कानात गुणगुण होते का? चक्कर येते का?" कारण ह्या औषधाने कान जाऊ शकतात. किती माणसे त्या वॉर्डातून चालत घरी गेली! आमच्या भावाला नेणारी आणि त्यांना वाचवणारी, दोन्ही मातीच. हे आम्हाला इतकी वर्षे ठाऊक होते, पण कधी जोडून पाहिले नव्हते.

म्हणून एका रविवारी नातवाला घेऊन बोटॅनिक गार्डन्सला गेलो. जुरोंग ईस्टहून तिसरे स्टेशन बुओना व्हिस्टा, तिथे गाडी बदलून पुन्हा तिसरे. ही बाग 1859 पासूनची, आणि 2015 पासून जागतिक वारसा. तिच्यात एक खास मुलांची बाग आहे, जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डन. जेकब बॅलस हे इराकमध्ये जन्मलेले, सिंगापुरात नाव काढलेले यहुदी गृहस्थ, शेअर बाजाराचे अध्यक्ष होते. 2000 साली ते वारले. त्यांच्या इस्टेटीतून मिळालेल्या देणगीच्या मदतीने ही बाग 2007 मध्ये उघडली आणि 2017 मध्ये वाढवली. झाडांवाचून पृथ्वीवर जीवन नाही, हे मुलांना खेळता खेळता समजावे असा तिचा उद्देश. सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत! आयुष्यात पहिल्यांदा नातवाच्या ओळखीने आम्हाला प्रवेश मिळाला. आत मुले मातीत, पाण्यात मनसोक्त खेळत होती. आमचा मात्र वाटेच्या कडेला उभा. आम्ही वाकून मूठभर माती उचलली. तो आमच्या हाताकडे बघत राहिला, आमच्या तोंडाकडे नाही.

आता बालमित्रांसाठी एक प्रयोग. काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात वाळू खाली बसेल, काही तासांत बारीक गाळ, आणि चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतील. वर तरंगेल तो पाचोळ्याचा कुजका भाग. तो जितका जास्त तितकी माती खाऊनपिऊन सुखी. आमच्या कोपऱ्यातल्या मातीच्या बरणीत काहीच तरंगले नाही.

आणि वडीलधाऱ्यांसाठी, नर्स म्हणून: मधुमेह असेल तर अनवाणी बागकाम करू नका. सिंगापूरसारख्या उष्ण, ओल्या प्रदेशातल्या मातीत मेलिऑइडोसिस नावाच्या आजाराचे जंतू असतात, ते जखमेतून शिरतात, आणि मोठ्या पावसानंतर धोका वाढतो. त्यावर लस नाही. बूट घाला, हातमोजे घाला, जखम झाकून ठेवा, काम झाले की साबणाने हात धुवा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका, तिथे डेंग्यूचे डास होतात. एवढे केले की माती शत्रू नाही.

कोपऱ्याचे पुढे काय झाले? विटांचे तुकडे उचलले, मुरूम फोडला, कंपोस्ट घातले, वर वीतभर पाचोळा. भाजीच्या साली, चहाचा चोथा रोज पाचोळ्याखाली. शेजारच्या आजीबाईंना आधी ते घाणेरडे वाटले, मग त्याच पिशवी भरून साली आणू लागल्या. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला चिनी येत नाही, सालींचे चालते.

आठ महिने गेले. परवा पाऊस थांबल्यावर नातवाने पाचोळा उचलला आणि ओरडला. गांडूळ! एक नाही, तीन. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही त्याचे दोन्ही तळवे उलटसुलट करून तपासले, कुठे खरचटले नव्हते. मग होय म्हटले. त्याने एक तळहातावर घेतले. ते वळवळले तसा तो हसला, आणि थोडा वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही. मग त्याने ते जिथून उचलले तिथेच ठेवले, पाचोळा पांघरला, आणि कोणी न सांगता नळाकडे गेला.

तिसरा कडीपत्ता शुक्रवारी लावायचा आहे.