उन्हाळी लागली तर पीसीआर नको, आधी तालुक्यात कल्चर द्या

नारायणगावच्या टोमॅटोच्या हंगामात तोडणीला जाणाऱ्या, जुन्नर-आंबेगावच्या शेतांत खुरपणी आणि कांदालागण करणाऱ्या बायकांना एक दुखणे चांगलेच ओळखीचे आहे. ‘उन्हाळी लागली’ असे त्या म्हणतात. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ, आजार मूत्रपिंडापर्यंत गेला तर थंडी वाजून ताप. शेतावर आडोसा नसतो, म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची. त्यातून दुखणे वाढते. धणे-जिऱ्याच्या पाण्याने भागले नाही की इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या. बहुतेक वेळा तपासणी होतच नाही, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

आता शहरांतल्या खासगी प्रयोगशाळा याच आजारासाठी पीसीआर पॅनेल विकू लागल्या आहेत. लघवीतील जंतूंची जनुके काही तासांत ओळखायची, औषधाला दाद न देणारी काही जनुकेही शोधायची. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. करोनानंतर ‘पीसीआर’ या शब्दाला वजनही आले आहे. त्यामुळे महाग ते चांगले, असे रुग्णाला वाटणे साहजिक आहे.

पण ही चाचणी मेलेल्या जंतूचे जनुकही दाखवते. वयस्कर बायकांच्या लघवीत अनेकदा जंतू असतात आणि त्रास काहीच नसतो. त्यांना औषधाची गरज नसते. (गरोदरपणात मात्र त्रास नसला तरी उपचार करावे लागतात.) अहवालात चार जंतूंची नावे आली की चार जंतूंचे औषध लिहिण्याचा मोह होतो. शिवाय सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांना जंतू दाद देत नाहीत ते बहुधा त्यांच्या स्वतःच्या जनुकांत झालेल्या बदलांमुळे, आणि पॅनेलमध्ये ते बदल शोधण्याची सोय नसेल तर अहवाल गप्प बसतो. कल्चरमध्ये जिवंत जंतू वाढवून त्यावर औषध प्रत्यक्ष तपासतात. मजूर बाईला नेमके तेवढेच उत्तर हवे असते: कोणती गोळी लागू पडेल?

हा प्रश्न लहान नाही. लघवीच्या संसर्गाचे मुख्य कारण ई-कोलाय हा जंतू. तो सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आणि सेफ्ट्रियाक्सोनसारख्या इंजेक्शनांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही, असे आयसीएमआरचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. त्याच अहवालांत नायट्रोफ्युरँटॉइन ही जुनी, स्वस्त गोळी अजून बऱ्यापैकी टिकून आहे. ती मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला चालते, मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या तापाला नाही. म्हणजे साध्या जळजळीला थेट इंजेक्शन देणे हीच मुळात चूक.

कल्चरची अडचण यंत्राची कमी, वाटेची जास्त. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, नाहीतर थंड ठेवला पाहिजे. बाहेरच्या उष्ण्यात जंतू भराभर वाढतात आणि अहवाल फसवा येतो. आहुपे किंवा घाटघरच्या बाईचा नमुना दोन तासांत कुठे पोचणार? त्यासाठी बोरिक ॲसिड घातलेली बाटली असते. तिच्यात नमुना साधारण एक दिवस टिकतो. बाटली प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी, रोजची गाडी हवी, आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय यांपैकी कुठेतरी जंतू वाढवणारा तंत्रज्ञ हवा. यात रॉकेट उडवण्यासारखे काही नाही.

रेण्वीय चाचणीची खरी जागा वेगळीच आहे. लघवीत पू-पेशी भरपूर, तरीही कल्चर वारंवार कोरे, वजन घटलेले, कधी लघवीत रक्त. अशा वेळी मूत्रमार्गाच्या क्षयाची शंका घ्यायला हवी, कारण क्षयाचा जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. तिथे सीबीनॅट निदान लवकर करते, आणि क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवरही चालते. क्षय आणि करोनासाठी रेण्वीय यंत्रे तालुक्याच्या पातळीपर्यंत गेलीच आहेत. ‘तुम्हाला वारंवार उन्हाळी लागते’ असे म्हणत एकामागून एक अँटिबायोटिक लिहिण्यापेक्षा डॉक्टरांनी एकदा क्षयाचा विचार करावा.

तेव्हा रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत आपल्या वस्तीतल्या सदस्यांनी दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात: गेल्या तीन महिन्यांत लघवीची किती कल्चर झाली, आणि अहवाल किती दिवसांनी बाईच्या हातात पडला?