खडकांचे पुस्तक मिटून का ठेवता?

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या वाडीतील एका घरी प्रार्थनासभा होती. प्रार्थना आटोपल्यावर बाहेरून आलेल्या एका प्रवचनकाराने रंगीत पुस्तिका वाटल्या. छपाई देखणी, कागद गुळगुळीत. मजकूर मात्र असा की, पृथ्वीचे वय अवघे ६ हजार वर्षे आणि जगातील झाडून सारे खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयात साचलेले. नववीत शिकणाऱ्या एका मुलीने ती पुस्तिका चाळली आणि भीतभीत विचारले, "आमच्या बाई सांगतात, आपल्या विहिरीतला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मग खरे काय?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका जाणत्या गृहस्थांनी तिची समजूत घातली, "बाळ, पेपरात बाईंचे लिही आणि देवळात पुस्तिकेचे मान." सारे हसले, चहा आला, विषय संपला.

आमच्या मते विषय तेथे संपला नाही, तेथे सुरू झाला. त्या पुस्तिकेपेक्षा ते वाक्य आम्हांला अधिक घातक वाटते. चुकीच्या पुस्तिकेला उत्तर देता येते. पण सत्याचे दोन हप्ते पाडून एक शाळेत आणि एक देवळात भरायला शिकवलेले मूल पुढे दोन्हीकडे खोटेच वागायला शिकते. म्हणून आधी पुस्तिकेला उत्तर देऊ आणि मग त्या वाक्याकडे वळू.

पुस्तिकेला उत्तर द्यायला परदेशी जाण्याची गरज नाही. कसारा घाट चढताना आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहावे. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेले दिसतात. या पायऱ्यांवरूनच आपल्या खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडले. स्वीडिश भाषेत त्या मूळ शब्दाचा अर्थ जिना असा आहे. यातील एकेक पायरी म्हणजे जमिनीच्या भेगांतून उसळून दूरवर पसरलेल्या आणि थिजलेल्या लाव्ह्याचे थर. असे थर एकावर एक रचले जाऊन सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश आजही त्यांनी झाकलेला आहे आणि सह्याद्रीच्या परिसरात त्यांची जाडी २ किलोमीटरच्या घरात जाते. पुराने गाळ साचतो, वाळू साचते, हे आपण दरवर्षी पाहतो. अग्नीतून जन्मलेला खडक पुराने कसा साचेल?

पुस्तिकाकार म्हणतील, तो लाव्हाही त्याच वर्षी वाहिला असेल. मग त्यांनी घाटातील कापलेली कड जरा जवळून पाहावी. दोन काळ्या थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटकरी रंगाचा पट्टा आढळतो. खालचा लाव्हा थंड झाला, ऊनपावसाने झिजला, त्याची माती झाली आणि मग त्या मातीवर पुढचा लाव्हा आला. खडकाची माती एका पावसाळ्यात होत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागू नये. नागपूरच्या परिसरात तर याहून बोलका पुरावा मिळाला. १८४५ साली तेथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आपले सुवार्ताकार्य सांभाळून खडक तपासत असत. लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या चिखलाच्या थरात त्यांना गोड्या पाण्यातील शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. मुंबईत वरळीच्या खडकात बेडकांचे सांगाडे मिळाले. त्यांचे वर्णन १८४७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे लाव्हा थिजला, त्यावर तळे झाले, तळ्यात गोगलगायी नांदल्या, काठावर झाडे वाढली, बेडूक ओरडले आणि पुन्हा लाव्हा आला. जगबुडीच्या एका वर्षात हा सारा संसार कोठे बसवणार?

काळाची मोजणीही अंदाजपंचे केलेली नाही. युरेनियम हळूहळू शिशात रूपांतरित होते आणि त्याचा वेग ठरलेला असतो. स्फटिकात अडकलेल्या या दोहोंचे प्रमाण मोजले की स्फटिकाचे वय निघते. आपल्या लाव्ह्याचे वय या रीतीने सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे ठरले आहे. पृथ्वीचे वय अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कापाषाणांतील शिशावरून सुमारे ४५५ कोटी वर्षे असे मांडले. त्यात आजवर नाव घेण्याजोगा बदल झालेला नाही. हे आकडे मनात मावत नाहीत, म्हणून पृथ्वीचे सारे आयुष्य एका वर्षात बसवून पाहावे. १ जानेवारीला पृथ्वी जन्मली असे धरले, तर आपला सह्याद्रीचा लाव्हा नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाहतो आणि प्रभू येशूचा जन्म होतो, तेव्हा वर्ष संपायला जेमतेम १४ सेकंद उरलेले असतात. आम्हांला या हिशेबाने लहान वाटत नाही. आमच्यासाठी केवढी थोरली तयारी झाली, असे वाटते.

आता श्रद्धेचा प्रश्न. ६ हजार वर्षांचा आकडा पवित्र शास्त्रात कोठेही लिहिलेला नाही. बायबलमधील वंशावळींची बेरीज करून आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली हिशेब मांडला की, सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ साली २३ ऑक्टोबरला झाला. त्या काळी कॅथलिक विद्वानही तसलेच हिशेब करीत, हे आम्ही लपवत नाही. पण ते त्या काळचे ज्ञान होते, श्रद्धेचा सिद्धान्त नव्हता. संत ऑगस्टीन यांनी तर पाचव्या शतकाच्या आरंभीच उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना बजावले होते की, पृथ्वी-आकाशाविषयी जे इतरांना अनुभवाने व बुद्धीने ठाऊक आहे, त्याबाबत ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा दाखला देऊन भलतेसलते बोलू नये. अशाने पुनरुत्थानाविषयीच्या आपल्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? रोमच्या बायबलविषयक आयोगाने १९०९ साली मान्य केले की, उत्पत्तीतील 'दिवस' हा शब्द चोवीस तासांचाच घ्यायला हवा, असे बंधन नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांतीचा सिद्धान्त हा निव्वळ तर्काहून अधिक आहे, असे सांगितले. म्हणजे ती पुस्तिका मानणे हे कॅथलिकपणाचे लक्षण नव्हेच; ती उसनी आणलेली भीती आहे.

आणि आपल्या घरचे धन कोणते? डेन्मार्कमध्ये १६३८ साली जन्मलेले निकोलस स्टेनो हे शरीरशास्त्राचे नामवंत पंडित. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी एक प्रचंड मुशी पकडली. तिचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनो यांच्याकडे तपासणीस आले. तिचे दात पाहून ते चकित झाले. डोंगरातल्या खडकांत सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड, ज्यांना लोक औषधी व चमत्कारी समजत, ते हुबेहूब तसेच होते. समुद्रातील माशाचा दात डोंगराच्या पोटात कसा गेला, या प्रश्नाचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. १६६९ साली त्यांनी जे मांडले, त्यावर आजचे भूशास्त्र उभे आहे : थर मुळात आडवे साचतात आणि उलथापालथ झाली नसेल, तर खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा असतो. साधी गोष्ट, पण तिने पृथ्वीला इतिहास दिला. याच स्टेनो यांनी १६६७ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. ते १६७५ साली धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप झाले, अखेरपर्यंत फकिरासारखे राहिले आणि १६८६ साली निवर्तले. पृथ्वीचे कोट्यवधी वर्षांचे वय त्यांना ठाऊक नव्हते; जुन्या कालगणनेच्या चौकटीतच ते विचार करीत. पण पुरावा दाखवील तेथे जाण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना १९८८ साली धन्य घोषित केले आणि दिवसही कोणता, तर २३ ऑक्टोबर! अशर यांनी सृष्टीच्या आरंभासाठी मुक्रर केलेली तारीख ती हीच. योगायोगच असेल, पण आम्हांला तो गोड वाटतो. आपल्या किती धर्मशिक्षण वर्गांत हे नाव उच्चारले जाते?

एक आक्षेप व्यवहारी मंडळींचा. ते म्हणतात, "पोरांना नोकऱ्या हव्यात, दगडांची वये घेऊन काय करायचे?" ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांनी आठवावी. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. ती धरणीपेक्षा घरांनी मारली : दगड-चिखलाच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. दख्खनचे पठार स्थिर आहे, या समजुतीने आपण निर्धास्त होतो. अशा वेळी 'पापाची शिक्षा' म्हणणारे सर्व धर्मांत निघतात. पण भिंतीत लाकडी अथवा लोखंडी पट्टा का हवा, हे सांगणारा एक शिक्षक अशा शंभर प्रवचनांहून अधिक जीव वाचवतो.

दूर कशाला, आपल्या वसईच्या विहिरी घ्या. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी १ फूट असेल, तर खाली ते सुमारे ४० फुटांपर्यंत असते. याचाच उलटा अर्थ असा की, उपसा करून वरची पातळी १ फुटाने कायमची उतरवली, तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर येऊ पाहते. आपल्या आजोबांनी हे सूत्र वाचले नव्हते, पण पावसाचे पाणी मुरवणारी बावखले त्यांनी राखली. आपण पदव्या घेतल्या, बावखले बुजवून त्यावर इमारती उभारल्या, पाणी टँकरने विकले आणि विहीर खारट झाली की नशिबाला बोल लावला. ज्याला आपल्या पायाखालची जमीन वाचता येत नाही, त्याच्याकडून ती कोणीही काढून घेऊ शकतो. हे अज्ञान निरागस नाही. त्यावर कोणाचा तरी धंदा चालतो.

२०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे उघड झाले, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. आपल्यातील सुशिक्षितही हळहळले. ते योग्यच झाले. पण सरकारने पाने फाडली म्हणून संतापणाऱ्यांनी, आपण प्रार्थनासभेत तीच पाने हसतहसत फाडतो, याची लाज नको का बाळगायला? आपल्या संस्थांच्या शाळाही यातून सुटत नाहीत. बेसॉल्टची वैशिष्ट्ये मुले घोकून लिहितात, गुण मिळवतात आणि त्याच बेसॉल्टच्या पायरीवर बसून डबा खातात. तो हाच, असे त्यांना कोणी दाखवत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. धर्मशिक्षणाच्या वर्षात एक रविवार मुलांना जवळच्या दगडखाणीत किंवा जुन्या विहिरीच्या काठी न्यावे; शाळेतील भूगोलाचे शिक्षक आणि धर्मगुरू या दोघांनी मिळून न्यावे, म्हणजे सत्याला दोन मालक नाहीत हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. स्टेनो यांचे चरित्र संतचरित्रांबरोबर सांगावे. आणि अशा पुस्तिका वाटल्या गेल्या, तर धर्मग्रामाच्या मंडळाने गप्प न बसता त्यांना लेखी उत्तर द्यावे.

राहिली ती मुलगी. तिला कोणी खरे उत्तर दिले नाही, म्हणून येथे देतो. बाळ, तुझ्या बाईंचे खरे आहे. ते पेपरात लिही आणि तेच मनात घेऊन देवळात ये. ज्याने तो दगड घडवला, त्याच्यासमोर दगडाचे वय कमी करून सांगण्याची काहीच गरज नाही.