चोराचा शब्द

गावी जाताना घराची किल्ली आपण शेजाऱ्यांकडे ठेवतो. घर फुटलेच, तर त्यांनी निदान खरे काय ते सांगावे! अमेरिकेतील ब्लॅकबॉड ही सॉफ्टवेअर कंपनी विद्यापीठांच्या नि धर्मादाय संस्थांच्या देणगीदारांची माहिती सांभाळते. २०२० च्या मे महिन्यात तिला चोरी कळली. १३ हजारांवर संस्थांना झळ पोचली. कंपनीने चोरांना खंडणी दिली, ‘माहिती नष्ट केली’ हा त्यांचा शब्द मानला आणि जुलैत ग्राहकांना कळवले, ‘बँकखाती सुरक्षित आहेत.’ काही दिवसांतच तिच्याच माणसांना उलट आढळले. पण ते वरिष्ठांपर्यंत गेलेच नाही. ग्राहक निर्धास्त राहिले. २०२३ साली ४९ राज्ये व राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी तडजोड करताना ४ कोटी ९५ लाख डॉलर मोजावे लागले. घर फुटले, हे एक वेळ पोटात घालू; पण शेजाऱ्याने चोरावर विश्वास ठेवावा नि घरधन्याला अंधारात ठेवावे, हे कसे घालावे?