काठी धरणाऱ्या हाताचा पगार

पोलिसांच्या पगाराचा विषय निघाला की आपल्या बैठकीत बहुतेक जण तोंड फिरवतात. त्यात नवल नाही. 10 डिसेंबर 1986 रोजी सुरेगावला कापसाच्या भावासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघे गेले. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना शिपायाच्या संसाराची काळजी करा असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? तरीही सांगतो आहोत.

सुरेगावच्या चार वर्षे आधी, ऑगस्ट 1982 मध्ये, मुंबईत पोलीसच सरकारविरुद्ध उठले होते. पगारात भागत नाही, राहायला धड खोली नाही, ड्यूटीला वेळेचे बंधन नाही, वर साहेबांच्या बंगल्यावर घरगड्याची कामे, हे त्यांचे गाऱ्हाणे. 15 ऑगस्टला त्यांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसल्यांच्या सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली आणि 18 तारखेला शहर पेटले. त्या वर्षी 18 जानेवारीपासून गिरणी कामगार संपावर होतेच. तेही रस्त्यावर आले. शेवटी पोलिसांना आवरायला लष्कर बोलवावे लागले.

यातली एकही मागणी सरकारला नवी नव्हती. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचा पहिला अहवाल 1979 सालीच आला होता आणि त्याचा विषयच शिपायाचा पगार, घर, कामाचे तास व गाऱ्हाणी हा होता. अहवाल उशाला घेऊन झोपायची सरकारची सवय जुनी आहे. उत्पादन खर्चाचे तक्ते आपणही कमी दिलेले नाहीत.

कापूस उत्पादकाला शिपायाची अडचण लवकर कळायला हवी. एकाधिकार खरेदीचे दिवस आठवा. गिऱ्हाईक एकच, प्रत तो ठरवणार, भाव तो ठरवणार, चुकारा देईल तेव्हा घ्यायचा. शिपायाचे श्रम घेणारा गिऱ्हाईकही एकच. फरक इतकाच की आपण निदान चावडीवर बसून सभा घेऊ शकत होतो. शिपायाने सरकारच्या परवानगीशिवाय युनियनमध्ये जायचे नाही, असा 1966 चा केंद्राचा कायदा आहे. केरळात आणि बिहारात पोलिसांच्या संघटना आहेत, म्हणून तिथले राज्य काही बुडालेले नाही.

कोणी म्हणेल, त्यांना महागाई भत्ता मिळतो, आमच्या ज्वारीला कुठे मिळतो? खरे आहे, आणि हा प्रश्न आम्ही सोडणार नाही. पगारवाढीचा पैसा शेतमालाचे भाव पाडून उभा करायचा असेल तर आमचा त्याला विरोधच राहील. पण शिपायाचा पगार अडवला म्हणून ज्वारीला क्विंटलमागे रुपया चढत नाही. शिवाय हा शिपाई आहे तरी कोण? पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे पाहा. कोरडवाहू पाच एकरांत दोन भावांचे भागत नाही म्हणून एक जण धावतो. तोच उद्या हेल्मेट घालून रास्ता रोकोत आपल्यासमोर उभा राहणार. सोळा तास उभ्या असलेल्या, रजा नाकारलेल्या माणसाच्या हातातली काठी कशी पडते, हे आपल्या पाठींना ठाऊक आहे. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू करून पाहिली गेली, म्हणजे मनात आणले तर जमते.

म्हणून या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडत आहोत: शिपायाला आठ तासांची ड्यूटी द्यावी, गाऱ्हाणे मांडायला मान्यताप्राप्त संघटना द्यावी. सुरेगाव विसरून नव्हे, सुरेगाव ध्यानात ठेवूनच. विरोध करायचा त्यांनी जरूर करावा, चर्चा होऊ द्या. आणि मंडपाच्या दाराशी बंदोबस्ताला जे कोणी उभे असतील त्यांनाही हा अंक द्या. उघड वाचणार नाहीत ते, खिशात घालतील.