बाळाच्या मुठीतली फोड

मे महिन्यात रत्नागिरीतली घरे चाकरमान्यांनी भरून जातात. माजघरात आंब्याची आढी, पडवीत फणस आणि सहा-आठ महिन्यांचे बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. आपल्या हातून त्याने काहीतरी चाखावे, असे प्रत्येकालाच वाटते. कुणी करवंद भरवते, कुणी गऱ्याचा तुकडा. घास कसा कापला आहे, हे मात्र कुणी पाहत नाही.

सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे आणि त्यात फळे-भाज्या रोज असाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बाळ मान धरून बसू लागले की फळ त्याच्या हातात जरूर द्यावे. नुसता चमच्याने रस भरवत राहिले तर चावायला ते शिकणार कधी?

हापूस त्यासाठी उत्तम. देठ कापून आंबा उलटा धरावा, चीक गळू द्यावा, मग धुऊन साल काढावी. चीक ओठांना लागला तर पुरळ उठते. फोड मोठ्या माणसाच्या बोटाएवढी लांब हवी, म्हणजे मुठीत धरूनही टोक बाहेर राहते. नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ चिमटीने उचलू लागते, तेव्हा बारीक, मऊ तुकडे चालतात. अंगठा आणि बोटात दाबल्यावर सहज चेचली जाईल तीच फोड द्यायची. सफरचंद या कसोटीला उतरत नाही. ते वाफवूनच द्यावे.

फणसाचे प्रकरण वेगळे. कापा जातीचा घट्ट गरा बाळाच्या हिरड्यांना आवरत नाही आणि बरका जातीचा बुळबुळीत गरा तर मोठी माणसेही गिळूनच टाकतात. तान्ह्या बाळाला तो गाळून, धागे काढून, चमच्यानेच द्यावा. चिकूची बी टोकदार असते, ती आधी शोधून काढावी. जांभळाची बी काढून गर कुस्करावा. द्राक्षाचे उभे चार भाग करावेत. आडवे कापले तर चकती गोलच राहते आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी तशीच बसू शकते. अख्खे करवंद तर नकोच.

बाळ खोकत असेल, उमासे काढत असेल, तर घास ते स्वतःच बाहेर काढू पाहत असते. त्याला तसे करू द्यावे. आवाज बंद झाला, रडू फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर मात्र क्षणभरही थांबू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब द्यावेत. हे आलटून पालटून चालू ठेवावे, दुसऱ्याने १०८ला फोन लावावा. दिसत नसलेला घास बोट घालून काढायला जाऊ नये. तो आणखी आत सरकतो.

हे सगळे आया-आज्यांना प्रत्यक्ष दाखवायची जागा आपल्याकडे तयारच आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, तेव्हा बाळ अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात येतेच. त्या दिवशी एक पिकला आंबा, एक केळे, चार द्राक्षे आणि सराव करायला एक बाहुली आशाताईंच्या टेबलावर असावी. बाळाच्या आजीला तिथे आग्रहाने बोलवावे, कारण कोकणातल्या बहुतेक घरांत विळी तिच्याच हातात असते.